भाड्याच्या घरातलं पत्र्याचं गॅरेज उन्हाळ्यात सुसह्य कसं करायचं?

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, यांपैकी कुठेही स्वतंत्र घर भाड्याने घेतलं की सोबत बरेचदा एक गॅरेज पदरात पडतं. कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभारलेल्या दोन भिंती, वर लोखंडी पत्रे आणि पुढे शटर, असा त्याचा थाट. मालकाने ते चारचाकीसाठी बांधलेलं असतं, पण भाडेकरूची चारचाकी क्वचितच असते. मग कुणी तिथे शिलाई मशीन टाकतं, कुणी दहावीच्या शिकवण्या घेतं, कुणी केळीच्या वेफर्सची पाकिटं भरतं, कुणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन तिथेच मुक्काम ठोकतो. थंडीत जागा झकास. होळी पेटली की कुरकुर सुरू होते आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दुपारी बारा ते पाच तिथे बसणं मुश्कील होतं. 'काय तपी ऱ्हायनं भो' म्हणत माणूस कूलरचं दुकान गाठतो.

कूलर वाईट नाही. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी त्याच्याइतकी स्वस्त आणि कामाची वस्तू दुसरी नाही, आणि त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहेच. पण तापलेल्या पत्र्याखाली लावलेला कूलर निम्मी मेहनत पत्र्याशी झगडण्यातच घालवतो. आधी ऊन अडवायचं, मग हवेला वाट द्यायची आणि मग थंडावा आणायचा, या क्रमाने गेलं तर खर्च बराच कमी होतो. घर आपलं नाही, म्हणून त्याला आणखी एक अट जोडावी लागते: घर सोडताना वस्तू सोडवून नेता आली पाहिजे, नाहीतर ती इतकी स्वस्त हवी की मागे ठेवताना जीव हळहळू नये.

सगळा खेळ छताचा

जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे २५ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य इथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, नवतपा सुरू होतो, तेही याच दिवसांत. याचा गॅरेजशी संबंध असा, की भर दुपारी भिंतींवर ऊन जवळपास पडतच नाही, ते सगळं छतावर कोसळतं. दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्यात थेट ऊन नावापुरतंच मिळतं. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची दुपारी तीननंतर. छत मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन खात असतं.

किती ऊन? स्वच्छ आकाशात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट. दहा बाय बाराचं गॅरेज म्हणजे छत सुमारे ११ चौरस मीटर, म्हणजे वर एकूण ११ किलोवॅट ऊन. इस्त्री १००० वॅटची धरली, तर पत्र्यावर अकरा इस्त्र्या एकदम चालू करून ठेवल्यासारखं झालं. ही सगळी उष्णता आत येत नाही. बरीचशी वरच्या वरच वाऱ्यासोबत निघून जाते. पण उरते तीही भरपूर असते.

ती आत येते कशी, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. दुपारी दोन वाजता स्टुलावर उभं राहा, पत्र्याच्या फूटभर खाली हात धरा. तळहात आधी वर, पत्र्याकडे करा. मग तसाच पालथा करा. हवा तीच, उंची तीच, पण तळहात वर असताना तो भाजल्यासारखा होतो आणि पालथा केला की चटका हाताच्या मागच्या बाजूला जातो. म्हणजे त्रास फक्त गरम हवेचा नाही. तापलेला पत्रा स्वतःच उष्णतेचे किरण खाली फेकत असतो आणि ते थेट अंगावर येतात. म्हणूनच पत्र्याच्या खोलीत पंखा फुल्ल असला तरी डोकं तापतं. पंखा हवा हलवतो, किरण अडवत नाही.

जुना, गंजून तपकिरी झालेला पत्रा यात सगळ्यात वाईट. तो ऊन पितो. नवा चकचकीत जस्ताचा पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण एकदा तापला की उष्णता सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे तोही चांगलाच चटका देतो. पांढऱ्या रंगाला दोन्ही गोष्टी जमतात: बहुतेक ऊन परत पाठवणं, आणि जी उष्णता शोषली गेली ती आकाशाकडे फेकून देणं. गंजलेला पत्रा पडलेल्या उन्हातलं ७० टक्के शोषत असेल, तर चांगला पांढरा रंग ३० टक्क्यांच्या आसपास शोषतो. आपल्या ११ किलोवॅटच्या हिशेबात पत्र्यात शिरणारी उष्णता पावणेआठ किलोवॅटवरून सव्वातीनवर येते. एवढा फरक पाडणारी दुसरी कुठलीही वस्तू या किमतीत मिळत नाही.

ही काही नवी युक्ती नाही. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला, आणि २०१७ पासून वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचा उपक्रम त्याला जोडला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी वेगळं धोरणच जाहीर केलं. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं वेगळ्या वाटेने तेच साधत होती. छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या थरातून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची, तोवर घरातली माणसं अंगणात बाजा टाकून बसलेली असायची.

रंग मारताना

दहा बाय बाराच्या पत्र्याला, त्याच्या वळ्यांची वाढीव जागा धरूनही, दोन हातांसाठी बाहेरच्या भिंतीला मारतात त्या पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा चार लिटरचा डबा पुरतो. 'हीट रिफ्लेक्टिव्ह' किंवा 'कूल रूफ' असं लिहिलेले खास रंगही मिळतात. ते जास्त टिकतात आणि महागही असतात. अकरा महिन्यांनी घर सोडायची शक्यता असेल तर साधा बाहेरचा पांढरा घ्या, असं माझं मत.

गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, पत्रा धुवायचा, वाळू द्यायचा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साईड प्रायमरचा हात द्यायचा आणि मग रंग. काम सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत. तापलेल्या पत्र्यावर रंग लावता लावताच सुकतो, नीट धरत नाही आणि पुढच्या पावसात पापुद्रे निघतात. चुना स्वस्त आहे आणि सिमेंटच्या स्लॅबवर छान चालतो. लोखंडी पत्र्यावर मात्र तो टिकत नाही. फेव्हिकॉल घालून मारला तरी एक-दोन पावसांत ओघळतो.

एक धोका इथेच सांगून टाकतो. वर लोखंडी पत्रे नसून जुने करडे सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाणी मारून, ओल्यानेच हलक्या हाताने पुसून रंग द्यावा. शिवाय हे पत्रे माणसाच्या वजनाने अचानक फुटतात. फळी आडवी टाकल्याशिवाय त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, आणि फळी असली तरी एकट्याने चढायचं नाही.

रंग नकोच, किंवा मालक नाही म्हणतो, तर शेडनेट. केळीची रोपवाटिका असते तिथे शेडनेट असतेच, त्यामुळे रावेर-यावल पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ती मीटरवर मिळते. ७५ टक्के सावलीची घ्या. गॅरेजपुरती जाळी, दोरी आणि चार बांबू मिळून खर्च दोन हजारांच्या आतबाहेर जातो. लोकांची गडबड होते ती बांधण्यात. जाळी सरळ पत्र्यावर अंथरली की ती स्वतः तापते आणि खालच्या पत्र्याला तापवते, फायदा निम्म्याहून कमी होतो. पत्र्यापासून फूटभर वर ताणली, तर जाळीची उष्णता मधल्या वाऱ्याने वाहून जाते आणि पत्रा सावलीत राहतो. सगळी किंमत त्या मोकळ्या फूटभराची आहे. पांढरी किंवा चंदेरी जाळी मिळाली तर हिरवीपेक्षा सरस.

गावाकडे गोठ्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा कडबा टाकतात, त्यामागचं शास्त्र हेच. पण घराला लागून असलेल्या गॅरेजवर वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग नको. एक ठिणगी पुरे, शिवाय उंदीर-विंचवांची सोय होते ती वेगळीच.

पत्र्यावर पोती अंथरून ती भिजत ठेवायची, हा उपाय परिणामात रंगापेक्षाही भारी आहे. ठिबकची जुनी नळी पोत्यांवरून फिरवली की कामही सोपं. पण मे महिन्यात आपल्याकडे उघड्यावरचं पाणी दिवसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर उडून जातं. ११ चौरस मीटरच्या पत्र्याला म्हणजे रोजचे सव्वाशे लिटर लागतील. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या कॉलनीत हे करणं मला पटत नाही. शेजारीही बोलतील, आणि बोलावंच. शिवाय सतत ओलीने पत्रा गंजतो आणि गंजलेल्या पत्र्याचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात.

मालकाशी बोलणं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये, मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केलं तर तो जागा खाली करून मागण्याचा आधार ठरतो. पण त्याच ठिकाणी हेही स्पष्ट केलं आहे की फॉल्स सीलिंग, वाऱ्यासाठी लागणारी खिडकी, एसी किंवा एक्झॉस्टची वाट यांसारखी कामं, गरज असेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली, तर ती 'कायमस्वरूपी बांधकाम' धरली जात नाहीत. हे झालं भाडेकरूचं. हल्ली बहुतेकांचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो, तिथे करारात काय लिहिलंय तेच आधी बघायचं.

व्यवहारात कायद्यापेक्षा एक साधा मेसेज जास्त कामाला येतो:

'काका, नमस्कार. गॅरेजचा पत्रा दोन ठिकाणी गंजलाय, फोटो पाठवतोय. गंज काढून प्रायमर आणि वरून पांढरा रंग मारून घेतो, खर्च माझा. भोक पाडणार नाही, वेल्डिंग करणार नाही. चालेल का, एवढं कळवा.'

यात मालकाचा पत्रा वाचतोय हे त्यांना दिसतं, आणि होकार लेखी मिळतो. गंजाचं काम तुम्ही करताय म्हटल्यावर 'रंगाचे अर्धे पैसे मी देतो' असं म्हणणारे मालकही असतात. तसं कुणी म्हणालं तर आढेवेढे घेऊ नका.

पत्र्याखालचा पडदा

वरून काही करताच येत नसेल, तर आतून. कल्पना अशी, की पत्रा आणि आपण यांच्यामध्ये असं काहीतरी यावं ज्याने ते किरण अडतील. सगळ्यात स्वस्त म्हणजे जुन्या चादरी किंवा बारदान, पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना बांधून ताणलेलं. दिसायला गबाळं, पण डोक्यावरचा चटका त्याच दुपारी कमी झालेला जाणवतो.

त्याहून चांगली म्हणजे चंदेरी फॉइलची बबल शीट, गोदामांच्या छताखाली असते ती. तिच्याबद्दल दुकानदार सहसा एक गोष्ट सांगत नाहीत. ती पत्र्याला चिकटवून लावली तर फॉइलचा गुण वाया जातो. पत्र्यापासून चार-सहा इंच खाली, मध्ये हवा ठेवून लावायची. आणि एकाच बाजूला चमक असेल तर ती खाली, खोलीकडे ठेवायची. चमकदार पृष्ठभाग तापला तरी किरण फार कमी सोडतो, आणि खालच्या तोंडावर धूळ बसत नाही, त्यामुळे चमक वर्षानुवर्षं टिकते. चमक वर ठेवली तर पहिल्या धुळीच्या वावटळीनंतर ती मातकट होते. पाइपांमध्ये बाइंडिंगची तार ताणून त्यावर शीट सोडली की ड्रिल लागत नाही आणि घर सोडताना गुंडाळून नेता येते.

शीटच्या कडा भिंतीला घट्ट बंद करू नका. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये जी फट असते तिथून वरची गरम हवा बाहेर पडते. चिमण्या येतात म्हणून लोक ती फट पोत्यांनी बुजवतात, आणि मग पत्र्याखाली गरम हवा कोंडून बसते. चिमण्यांसाठी जाळी लावा.

थर्माकोलबद्दल माझं मत चांगलं नाही. उष्णता तो उत्तम अडवतो, यात वाद नाही. पण गॅरेज म्हणजे वायरींचे जोड, कधी पेट्रोलचा कॅन, कधी शेजारी वेल्डिंग. साधा थर्माकोल ठिणगीने पेटतो, वितळून खाली गळतो आणि त्याचा धूर घुसमटवून टाकतो. वरून पडणाऱ्या पेटत्या थेंबांखाली मुलांची शिकवणी चालू आहे, हे चित्र मला नको वाटतं.

ज्यांचं गॅरेज स्लॅबचं आहे, त्यांचं गणित जरा उलटं. पत्रा लगेच तापतो आणि सूर्य मावळला की लगेच निवतो, कारण रात्री तो आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देतो. पहाटे तर पत्रा हवेपेक्षाही गार लागतो. स्लॅब मात्र दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री आठ-दहाला ती खाली सोडत बसतो. म्हणून स्लॅबच्या गॅरेजमध्ये चुन्याचे दोन हात आणि रात्रभर हवा खेळती ठेवणं एवढ्यानेच बरंच काम होतं.

पश्चिमेच्या शटरबद्दल थोडक्यात: दुपारी तीननंतर ते दुसरा पत्राच होतं. बाहेरून वीतभर अंतरावर शेडनेट किंवा बारदानाचा पडदा सोडा. आतून पडदा लावून उपयोग नाही, तोवर लोखंड तापलेलं असतं. पडदा बारदानाचा असेल आणि त्यावर दुपारी दोन-तीनदा तांब्याभर पाणी मारलं, तर पश्चिमेकडून येणाऱ्या झळा त्यातून गाळून आत येतात. वाळ्याचा पडदा मिळाला तर वासाची चैन वर.

आता कूलर

पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, त्यावर कूलर चालतो. एक लिटर पाणी उडालं की साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून कमी होते. हा आकडा लक्षात ठेवला तर जाहिरातींचा अर्धा गोंधळ मिटतो. उदाहरण घ्या: टेबलावर ठेवायचे, यूएसबीवर चालणारे 'मिनी एसी' ऑनलाइन विकायला असतात. पेलाभर पाणी मावतं आणि तासाला १०० मिलिलिटर उडतं असं धरलं, तर थंडावा झाला ७० वॅटच्या आत. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातूनच १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे ते यंत्र तुमच्या एकट्याच्या अंगाची ऊबही घालवू शकत नाही, अकरा किलोवॅटच्या छताचं तर सोडूनच द्या.

मोठा डेझर्ट कूलर भर मे महिन्यात तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी पितो. पन्नास लिटरची टाकी चार-पाच तासांत तळाला का जाते, ते यावरून कळेल. ते पाणी गळत नाही, तेच थंडावा होऊन खोलीत येतं.

हवा जितकी कोरडी तितकं पाणी पटापट उडतं. मे महिन्यातली दुपार ४३ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी उडवून हवा जास्तीत जास्त साधारण २५ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर त्या वाटेवरचं तीन-चतुर्थांश अंतर कापतो आणि २९ अंशांच्या आसपासची हवा फेकतो. तेरा-चौदा अंशांची घट, दीड-दोनशे वॅटमध्ये. मुंबईकराला हे नशिबात नाही. उलट मृगाचा पाऊस झाल्यावर, ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना, तोच कूलर पाच अंशांवर अडतो आणि अंग चिकट करून सोडतो. त्यात कूलर बिघडलेला नसतो, हवेलाच आता पाणी नको असतं.

कूलरच्या बाबतीत हमखास घडणारा घोळ म्हणजे तो खोलीच्या आत ठेवून शटर बंद करणं. कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओढतो, ती आणखी ओली होते, पाणी उडायचं थांबतं आणि तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. कूलरची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेत हवी आणि तोंड आत. खिडकी नसेल तर शटर अर्धं उचलून त्या जागेत, बाहेरच्या बाजूला स्टँडवर ठेवा आणि वरची उरलेली जागा प्लायच्या तुकड्याने झाका. मग आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट द्या, आणि ती कूलरच्या समोरच्या टोकाला, शक्यतो उंचावर हवी. मागच्या भिंतीतली जाळी किंवा पत्र्याखालची फट याला उत्तम, कारण ओली हवा जाता जाता पत्र्याखालची गरम हवाही सोबत घेऊन जाते. वाट पुरेशी आहे का ते बघायला उदबत्ती पेटवा आणि त्या फटीजवळ धरा. धूर ठामपणे बाहेर ओढला गेला तर ठीक. तिथल्या तिथे घुटमळला, किंवा आत वळला, तर वाट कमी पडतेय.

आकार निवडताना कूलरवरचा तासाला किती घनमीटर हवा, हा आकडा बघायचा, टाकीचे लिटर नंतर. दहा बाय बारा बाय नऊ फुटांची खोली म्हणजे ३० घनमीटर. तासाला तीस-चाळीस वेळा हवा बदलायची तर ९०० ते १२०० घनमीटर लागतात. वर उघडा पत्रा असेल तर त्याच्या दुप्पट धरा. छत पांढरं केलं असेल तर लहान कूलरवर भागतं, पाणी कमी लागतं, आणि रंगाचा खर्च तिथेच बऱ्यापैकी वसूल होतो.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कूलरच्या गवतावर आठवडाभरात पांढरे क्षार धरतात आणि हवा अडते. दोन-तीन दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी पूर्ण काढून टाका, नुसती भर घालत राहू नका. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आणि अर्थिंग. भाड्याच्या गॅरेजमध्ये बहुधा घरातून ओढलेली दोन तारांची वायर असते, अर्थिंगचा पत्ता नसतो. त्यावर ओला, लोखंडी, स्थानिक बनावटीचा कूलर, खाली ओली फरशी आणि पाणी भरायला अनवाणी येणारी मुलं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, ती अशीच. बाकी कशावर काटकसर करा, पण ओळखीच्या वायरमनकडून अर्थिंगची तिसरी तार आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. यासाठी मालकाशी वाद घालायची वेळ आली तर जरूर घाला. पाणी भरताना आधी बटण बंद करायचं आणि प्लग काढायचा, नुसतं बटण पुरत नाही.

पंखा, एसी आणि आतली उष्णता

छताचा पंखा तापलेल्या पत्र्याला टांगला की तो वर साचलेली गरम हवाच डोक्यावर ढकलतो. त्यापेक्षा उभा किंवा भिंतीचा पंखा बरा. खोली ४० अंशांच्या वर गेली तर नुसता पंखा लावू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्या तापमानाला वारा अंगाला थंड करण्याऐवजी तापवतो. अशा वेळी ओला पंचा खांद्यावर घ्या, किंवा सरळ घरात जा.

एसीचं एका वाक्यात सांगायचं तर, एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो आणि शटरच्या फटी त्यातली बरीच परत आत घेतात. चाकांवरचा पोर्टेबल एसी भाडेकरूंना मोह घालतो, पण एका पाइपचा असेल तर तो खोलीतलीच हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच तापलेली हवा फटींमधून आत ओढून घेतो.

आत काय ठेवलंय तेही बघा. कामावरून आलेली मोटरसायकल तासभर बाहेर सावलीत निवू द्या, मग आत घ्या. जुना फ्रिज गॅरेजमध्ये असेल तर तो दिवसभर मागच्या जाळीतून उष्णता सोडत असतो. इन्व्हर्टरची बॅटरीही बरेच जण इथेच ढकलतात. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी दर दोन वर्षांनी बदलावी लागली तर दोष कंपनीचा नसतो. वेफर्स तळायची भट्टी आत असेल, तर वरचे सगळे उपाय दुय्यम. तिथे भट्टीच्या वर एक्झॉस्ट पंखा हवा, आणि कूलरची हवा तळणाऱ्याच्या पाठीवर यावी, भट्टीवर नाही.

वेळापत्रकातही थोडी सोय आहे. रात्री नऊनंतर शटर वर करून जाळीचं दार लावा, पहाटेची गार हवा आत खेळू द्या, आणि सकाळी आठला पश्चिमेची बाजू झाकून टाका. कापायचं, मोजायचं, वाचायचं काम सकाळी दहापर्यंत उरका. शिकवणीची दुपारी दोनची बॅच साडेसहाला नेली तर पालक फारशी तक्रार करत नाहीत.

मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला वादळी वारे सुटतात. केळीच्या बागा आडव्या करणारा हा वारा तुमची शेडनेट बांबूंसकट शेजाऱ्याच्या गच्चीवर नेऊन टाकू शकतो. आभाळ भरून आलं की जाळीच्या एका बाजूच्या गाठी सोडा, म्हणजे ती फडफडेल पण फाटणार नाही. पहिला दमदार पाऊस पडला की ती उतरवून, वाळवून, गुंडाळून ठेवा. कूलरची टाकी कोरडी करा, गवत काढून फेकून द्या, पंपाच्या जाळीतला गाळ धुवा. लोखंडी कूलर असेल तर आतल्या तळाला रंगाचा एक हात मारून तो उलटा करून ठेवा. पुढच्या होळीला नवं गवत भरलं की तयार.